तपकिरी, तांबडा, तपकिरी

अण्णांच्या कामाच्या टेबलावर लोणच्याची एक काचेची बरणी होती आणि तिच्यात एकाच जातीचे रेझिस्टर भरलेले असत. शेंगदाण्याएवढे, दोन्ही टोकांना तार, अंगावर तीन पट्टे: तपकिरी, तांबडा, तपकिरी. रेझिस्टरांच्या रंगांच्या हिशेबात याचा अर्थ विजेच्या वाटेत एकशेवीस ओहमचा विरोध. बरणी कितीही धुतली तरी तिला मेथीचा वास यायचा, आणि अण्णा ज्या डब्यात तो रेझिस्टर लावतात त्या डब्यालाही लोणच्याचा वास येतो, असं आई म्हणायची. ते खरं नव्हतं. पण बरणी तिची होती, न विचारता उचललेली होती, आणि तिला ते विसरायचं नव्हतं. आमच्या घरात कुणी काही विसरत नाही. मी तर मुळीच नाही.

खातीपुऱ्याच्या स्टेशनापासून दहा मिनिटांवर आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले ते जयपुरातच. सारी नोकरी वायरलेसच्या वर्कशॉपमध्ये, हातात तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न आणि कानाला जड काळा हेडसेट. गावाकडे, खटाव तालुक्यात, चुलत्यांशी त्यांचं बोलणं बंद होतं, म्हणून परत जायचा प्रश्न आला नाही. आई मात्र सगळं गाव सोबत घेऊन आली होती. जयपुरात बाजरी चांगली मिळते, पण गिरणीवाला जाड दळतो, म्हणून ती स्वतः गिरणीत पिठाच्या ढगात उभी राहून “और बारीक, भैया, और बारीक” म्हणत राहायची. तिचं सगळं हिंदी तेवढंच होतं आणि तेवढ्यात तिचं भागायचं. वर्षातून एकदा ती कांदा-लसणाची चटणी कुटायला बसली की शेजारची राजस्थानी कुटुंबं दारं लावून घेत. सकाळी छावणीच्या भिंतीवर मोर ओरडायचे, मग बिगुल, मग स्टेशनात डबे जोडल्याचा दणका, आणि या सगळ्याच्या खाली दिवसभर अण्णांच्या टेबलावरचा टेपरेकॉर्डर. त्याचा आवाज कधी बंद नसायचा. शांतता झाली की अण्णा अस्वस्थ होत. हेडसेटमधली खरखर इतकी वर्षं ऐकलेल्या माणसाला शांतता म्हणजे सेट बंद पडला असंच वाटत असणार.

निवृत्तीनंतर त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसायचं. बरोबरीचे बहुतेक जण तेच करत होते आणि अण्णांसाठीही एक जागा बोलून ठेवलेली होती. दुसरी, हातातल्या विद्येवर काही करायचं. स्टुलाचं नाव काढलं की ते जेवता जेवता उठून जायचे. म्हणून शास्त्रीनगरच्या वाचनालयाचं काम आलं तेव्हा आईने कधी नव्हे तो रविवार नसताना मटणाचा रस्सा केला.

ते वाचनालय दृष्टिहीन मुलींसाठी होतं. दोन खोल्या, एक ओसरी. कुणीकुणी मास्तर येऊन पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचून कॅसेट भरून देत, आणि मुली त्या ऐकून परीक्षा देत. पण यंत्र एक आणि मुली पुष्कळ, म्हणून व्यवस्थापक माथुरसाहेबांना असा डबा हवा होता की एक कॅसेट लावली की आठ जणींना आठ इअरफोनवर ऐकता येईल. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. पहिला डबा पसंत पडला तर आणखी पाच करायचे होते. अण्णांनी काम घेतलं आणि बँकेच्या जागेसाठी महिन्याची मुदत मागितली.

असे डबे ते सैन्यात डोळे मिटून करत. शिकवण्याच्या खोलीत एक टेप आणि बाकांवर ओळीने हेडसेट. त्यांची पद्धत ठरलेली होती: एक दणकट ॲम्प्लिफायर, आणि प्रत्येक सॉकेटच्या वाटेत एक एकशेवीस ओहमचा रेझिस्टर. म्हणजे एकाने पिन अर्धवट खुपसून तारा एकमेकींना टेकवल्या तरी बाकीच्यांचा आवाज जात नाही. “एकाच्या गाढवपणाची शिक्षा सगळ्या रांगेला नको,” असं ते म्हणत. रांगेत उभं राहून दुसऱ्यांच्या चुकांची शिक्षा त्यांनी बरीच भोगली होती, त्यामुळे हा रेझिस्टर त्यांना न्यायासारखा वाटत असावा.

इअरफोन आणायचं काम माझं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेज अर्धवट सोडून अण्णांच्या टेबलाशी बसत होते, आणि बाजारात माझं नाव होतं. ते नाव चांगलं होतं असं मी म्हणत नाही. भाव करताना मी लवकर तापायचे आणि तापल्याचा फायदा करून घ्यायचे. ठोक माल विकणाऱ्या किशनजींचं दुकान म्हणजे एक लांबट बोळच होता, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी आणि टोकाला पांढऱ्या पायजम्यातले किशनजी, बशीतून चहा पिणारे. डोक्यावरून पातळ पट्टी आणि कानांवर काळा स्पंज असे नव्या धर्तीचे हलके इअरफोन त्यांच्याकडे आले होते. त्यांनी भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. ते हसले. मी बाहेर पडून शेजारच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तोच माल मागितला.

“ए मरहठन, इधर आ,” ते आतून म्हणाले. “बेटी, तू भाव नहीं करती, चमड़ी उतारती है.”

“चमड़ी मोटी है आपकी, फिर आ जाएगी.”

आठ इअरफोन मी त्यांच्या निम्म्याहून किंचित वर उचलले. घरी अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिले, वजन केल्यासारखे तळहातावर तोलले आणि आईला म्हणाले, “शालन गेली म्हणजे काम निम्म्यात.” त्यांनी माझं कौतुक केलेलं मला आठवतं ते एवढंच. म्हणून भावासकट लक्षात आहे.

डबा बसवला. तिसऱ्या दिवशी माथुरसाहेबांचा निरोप आला. आम्ही दोघं गेलो तेव्हा मुलींनी इअरफोन काढून टेबलावर ठेवले होते आणि एकच जण आमची वाट पाहत बसली होती. तिचं नाव विमला. सीकरकडची, माझ्याच वयाची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, जन्मापासून न दिसणारी आणि बोलायला माझ्याहून फटकळ.

“अंकल, आपके डिब्बे में मास्टरजी मटके में मुँह देकर पढ़ा रहे हैं,” ती म्हणाली. “ढम ढम ढम. अकबर भी ढम, औरंगज़ेब भी ढम. मैं परीक्षा में क्या लिखूँ, ढम?”

अण्णांनी इअरफोन कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. “भरदार येतोय की,” ते मला मराठीत म्हणाले. मी ऐकलं. विमलाचं खरं होतं. आवाज मोठा होता पण त्याला कडा नव्हत्या. शब्द एकमेकांत वितळत होते, प्रत्येक शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडत होतं. मी तसं सांगितलं. अण्णांनी माथुरसाहेबांसमोर इअरफोनचा स्पंज चिमटीत दाबून पाहिला आणि म्हणाले, “माल हल्का है साब. लड़की सस्ते में उठा लाई. बदलवा देता हूँ.”

चार दिवसांपूर्वी जे कौतुक होतं तेच आता दोषारोप झालं.  मी घरी न जाता तशीच आठ इअरफोनची पिशवी घेऊन किशनजींच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्या बोळात उभी राहून जे बोलायचं ते सगळं बोलले. आंधळ्या मुलींना कचरा विकलात, म्हणाले. तुमच्या पांढऱ्या पायजम्यावर जाऊ नये, म्हणाले. दोन गिऱ्हाइकं हातातला माल ठेवून निघून गेली. किशनजींनी मला थांबवलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी पिशवीतला एक इअरफोन काढला, गल्ल्याशेजारच्या छोट्या कॅसेट प्लेअरला लावला आणि माझ्या हातात दिला. कुठलंसं भजन होतं. झांजा वेगळ्या, पेटी वेगळी, म्हणणाऱ्याचा श्वाससुद्धा वेगळा.

“माल ठीक है,” ते म्हणाले. “अपना डिब्बा देख.”

मी इअरफोन पिशवीत टाकला आणि म्हणाले की प्लेअर तुमचा आहे, तुम्ही काहीही वाजवून दाखवाल. हे मी खरंच म्हणाले. 

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. झोटवाड्यात माझं आज दुकान आणि मागे छोटा कारखाना आहे; सभा-लग्नांत लागणारे ॲम्प्लिफायर आम्ही बनवतो. गेल्या महिन्यात पुण्याकडचा एक मुलगा आला, इथल्या आयटी कंपनीत नोकरीला, मराठी बोलायला माणूस मिळालं म्हणून अधूनमधून येऊन बसतो. त्याने पगाराचा मोठा वाटा घालून कानात बसणारे इअरफोन घेतले होते, ज्यात प्रत्येक कानात चार-चार बारीक स्पीकर असतात. मोबाइलवर गोड वाजतात आणि घरच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर लावले की पत्र्यासारखे, म्हणाला. विकणाऱ्याला इंटरनेटवर सगळ्यांदेखत झोडायचं त्याने लिहूनही ठेवलं होतं. मी म्हटलं, “आधी तुझा डबा बघ.” म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. तेच तीन शब्द, तोच डबा.

त्याला जे समजावलं तेच इथे लिहिते. डब्यातून जो आवाज निघतो तो सगळा इअरफोनला मिळत नाही. डब्याचा स्वतःचा एक विरोध असतो, इअरफोनचा एक असतो, आणि दोघं तो आपसात वाटून घेतात. ज्याचा विरोध जास्त त्याला वाटा जास्त. इअरफोनचा विरोध सगळ्या सुरांना सारखा असता तर काही बिघडलं नसतं, आवाज नुसता लहान झाला असता. पण तो सारखा नसतो. स्पंजवाल्या इअरफोनचा विरोध खर्जात एका जागी दुप्पट होतो, म्हणजे तिथे त्याला वाटाही मोठा मिळतो आणि तेवढाच खर्ज फुगतो. शिवाय डब्याचा विरोध कमी असेल तर तो इअरफोनच्या पडद्याला धरून ठेवतो. जास्त असेल तर पकड सुटते आणि पडदा सोडून दिलेल्या झोक्यासारखा हलत राहतो. ते शब्दांचं शेपूट. चार स्पीकरवाल्या इअरफोनमध्ये हा विरोध पार वेडावाकडा वर-खाली होतो, म्हणून कुठे खर्ज फुगतो, कुठे पत्रा वाजतो. डब्याचा विरोध इअरफोनच्या एक-तृतीयांशाहून कमी ठेवला की यातलं बरंचसं जातं, आठव्या हिश्शाहून कमी ठेवला तर काहीच उरत नाही. सैन्यातल्या त्या जड हेडसेटचा विरोध हजारांत होता. त्याच्यापुढे एकशेवीस म्हणजे काहीच नव्हतं. नव्या इअरफोनचा होता बत्तीस.

तेव्हा हे काही मला माहीत नव्हतं. पण किशनजींचं भजन डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच वाचनालयात गेले. विमलाकडे तिच्या भावाने दिलेला छोटा प्लेअर होता, त्याचा स्पीकर फाटलेला. मी त्यात इतिहासाची कॅसेट घातली, किशनजींचा इअरफोन लावला आणि तिला दिला.

“ये हुए मास्टरजी,” ती म्हणाली. “इनको तो ज़ुकाम भी है आज.” मास्तरांची सर्दीसुद्धा तिला ऐकू येत होती.

तोच इअरफोन मी अण्णांच्या डब्याला लावला. “फिर मटके में,” ती म्हणाली.

मी डब्याचं झाकण उघडलं. आठ सॉकेट, आठ रेझिस्टर, अण्णांचं ते सुबक सोल्डर, प्रत्येक थेंब मोत्यासारखा. मी आवाज अगदी खाली केला आणि चिमट्याची दोन टोकं एका रेझिस्टरच्या दोन्ही बाजूंना टेकवली, म्हणजे तो वाटेतून बाजूला झाला. विमलाने डोकं वर केलं. चिमटा काढला. तिने नाक मुरडलं. पुन्हा टेकवला. असं पाच-सहा वेळा केलं आणि ती प्रत्येक वेळी “बाहर”, “अंदर”, “बाहर” म्हणत गेली, मास्तर जणू दारातच उभे होते.

घरी अण्णा भाकरी कुस्करत होते. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीवर कालवण घेतलं.

“त्यो रेझिस्टर मी अठरा वर्षं लावतोय,” ते म्हणाले.

“अठरा वर्षं हेडसेट वेगळे होते, अण्णा.”

“काढला तर एकीनं पिन वाकडी घातली की आठींचं बंद. मग माथुर मला इचारणार का तुला?”

“मी ऐकलंय. तुम्हीही ऐकलं असतं, पण...”

“काय पण?”

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “शाले, जेवू दे त्यांना.”

मी वाक्य पूर्ण केलं नाही. अण्णांचे कान गेले होते. घंटा वाजली, भांडं पडलं, कुकरची शिट्टी झाली तरी ते मान फिरवत नसत, हे आम्ही सगळे पाहत होतो आणि कुणी त्याला नाव देत नव्हतं. भरदार तेवढं त्यांना ऐकू येत होतं. शब्दांच्या कडा त्यांच्यासाठी कधीच्याच झिजल्या होत्या, मटक्यातले मास्तर आणि मटक्याबाहेरचे मास्तर त्यांना सारखेच. ज्याने आयुष्य कानावर काढलं त्याला हे कबूल करायचं म्हणजे सरळ बँकेच्या स्टुलावर जाऊन बसायचं. हे मला तेव्हाच कळलं होतं असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तेव्हा मला एवढंच कळत होतं की मी बरोबर आहे आणि मला गप्प बसवलं जातंय.

पण रेझिस्टर काढता येणार नाही, हे त्यांचं म्हणणंही बरोबर होतं. दोन दिवस मी त्या टेबलाशी बसून राहिले. ॲम्प्लिफायर तपासताना स्पीकरच्या जागी लावायला अण्णा दहा ओहमचे रेझिस्टर ठेवत, तपकिरी, काळा, काळा. त्यातला एक मी घरच्या जुन्या डब्यात सॉकेटच्या दोन तारांमध्ये आडवा लावून पाहिला, काय होतं ते बघायला. आवाज एकदम बारीक झाला, पण बारीक आणि स्वच्छ. वाढवला तर मोठा आणि स्वच्छ. एकशेवीस आपल्या जागी राहिला, आठ जणींचं रक्षण करत; आणि इअरफोनला समोर दिसायला लागला तो मात्र हा दहाचा. मी मुद्दाम एक पिन वाकडी घातली. बाकीच्यांचा आवाज गेला नाही.

वाचनालयात जाऊन मी आठही सॉकेटना एकेक दहाचा जोडला. माझं सोल्डर तेव्हा ओबडधोबड होतं, चिखलाच्या थेंबासारखं. विमला शेजारी बसून मला प्रत्येक सॉकेट ऐकून सांगत होती आणि मधेच शेंगदाणे देत होती. इअरफोन तेच होते, किशनजींचे. बदलायचे कशाला. घरी येऊन मी अण्णांना सांगितलं, “डबा आता नीट वाजतोय. एकशेवीस काढला नाही, वर दहाचा घातलाय.” त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मला वाटलं, उद्या माथुरसाहेबांना सांगतील.

उद्या म्हणजे माथुरसाहेब डबा पाहून पसंती देणार तो दिवस. अण्णांनी सैन्यातली पँट इस्त्री केली होती. मुली बसल्या, कॅसेट लागली, आणि खोलीत ती शांतता झाली जी माणसं नीट ऐकायला लागली की होते. माथुरसाहेबांनी स्वतः एक इअरफोन लावला आणि मान डोलावली. “अब तो एकदम साफ़ है, हवलदार साहब. क्या किया?”

मी अण्णांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते.

“इयरफोन बदलवा दिए साब,” ते म्हणाले. “पहलेवाला माल ही खराब था. लड़की है, भाव के चक्कर में फँस गई.”

 तोंड उघडलंच होतं मी. तेवढ्यात विमलाने आपल्या इअरफोनच्या तारेवरून बोट फिरवलं. पहिल्या दिवशीच तिने ओळखायला म्हणून त्या तारेला एक गाठ मारून ठेवली होती. ती माझ्याकडे झुकली आणि हळू, पण फार हळू नाही, म्हणाली, “गाँठ तो मेरी वाली ही है.”

अण्णांना ते ऐकू गेलं नसणार. माथुरसाहेबांना गेलं असतं, ती अजून एकदा बोलली असती तर. बाकीच्या पाच डब्यांचं काम त्या क्षणी त्यांच्या पेनाच्या टोकावर होतं. मी टेबलाखाली विमलाचा हात धरला आणि दाबला. तिने मान फिरवली, तिच्या त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी मला निरखल्यासारखं केलं, आणि मग इअरफोन कानावर चढवून औरंगजेबाकडे गेली. माथुरसाहेबांनी सही केली.

परतताना अण्णा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. स्टेशनाजवळ त्यांनी दोन कचोऱ्या घेतल्या आणि मला एक दिली. मी म्हटलं, मला नको. त्यांनी दोन्ही खाल्ल्या.

अण्णा बँकेच्या स्टुलावर कधी बसले नाहीत. पाच डबे झाले, मग आणखी झाले, आणि त्यातूनच पुढे मी झोटवाड्यात जागा घेतली. त्या पाच डब्यांचं काम सुरू झालं त्या आठवड्यात आईचा स्वयंपाकघरातून आवाज आला, “दुसरी बरणी कुठं गेली?” ती अण्णांच्या टेबलावर होती, पहिलीच्या शेजारी, दहा ओहमच्या रेझिस्टरांनी भरलेली. तेव्हापासून त्यांनी बनवलेल्या प्रत्येक डब्यात दोन रेझिस्टर असत, एक वाटेत आणि एक आडवा, दोन्हीवर तेच मोत्यासारखं सोल्डर. मी टेबलाशी गेले की ते त्यावर वर्तमानपत्र ओढत. पुढे बरीच वर्षं जगले. घरी कुणी आलं की भाव करण्यावरून विषय निघायचाच, आणि मग ते सांगायचे, “शालननं एकदा फसवून घेतलं, आंधळ्या पोरींच्या इअरफोनात.” माझ्या लग्नात सांगितलं. माझ्या सासऱ्यांना सांगितलं. शेवटी शेवटी तर त्यांना ते खरंच तसंच घडलं असं वाटत होतं. लोक मला म्हणतात, बरणी आली ना, त्यातच सगळं आलं. नाही आलं. बरणी कुणाला ऐकू जात नाही. मला माथुरसाहेबांसमोर एक वाक्य हवं होतं, आणि मी अजून त्यावर अडून बसले आहे. आता कंटाळाही येतो, पण सोडवत नाही.

पुण्याच्या त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने दुसरंच विचारलं. “काकू, आणि ते दुकानदार? त्यांना तुम्ही काय म्हणालात?” मी त्याला म्हटलं, तुझा चहा गार होतोय.

किशनजींकडे मी दोन महिने गेले नाही. मग पाच डब्यांचे चाळीस इअरफोन घ्यायची वेळ आली. दुसरीकडे मिळाले असते. बोळात तीच खोकी, टोकाला तोच पायजमा, तीच बशी. गिऱ्हाइकं होती. दोष डब्यात होता हे त्यांच्यासमोर बोलायचं असं मी वाटेत ठरवलं होतं, कारण जे बोलले होते तेही गिऱ्हाइकांसमोरच. किशनजींनी माल काढला आणि भाव सांगितला. मी म्हटलं, “ठीक है.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “तबीयत तो ठीक है, बेटी?”

“बाँध दीजिए.”

ते खोकं बांधू लागले. सुतळी दोनदा फिरवली, दातांनी तोडली. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “डिब्बा देखा था?”

सगळं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. शेजारी उभं असलेलं एक गिऱ्हाईक आमच्याकडे पाहत होतं.

“गाँठ कसके मारना,” मी म्हणाले. “रास्ते में खुल जाती है.”

किशनजींनी मान हलवली आणि आधीच्या गाठीवर आणखी एक गाठ मारली.